काकू काही सांगतच नाहीत

"वहिनी, शेवग्याच्या चार शेंगा तुमच्या अंगणात पडल्यात, त्या घ्या. आणि कळलं का? बँकेच्या काकू आल्या."

माईंची बातमी मोकळ्या हाताने कधी येत नाही. शेंगा नाहीतर कढीलिंब पुढे, बातमी मागे. आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. तिच्यालगत माईंनी त्यांच्या बाजूला एक जुनी बादली पालथी घालून ठेवली आहे. बातमी मोठी असली की त्या बादलीवर चढतात. आज चढल्या.

"कुठून आल्या?"

"अहो, काठमांडूहून! दिवाळी झाली आणि गेल्या, त्या आत्ता शिमग्याला उगवल्या. सून सगळ्यांना सांगत होती, पशुपतिनाथाला गेल्यात. इतके दिवस? मी म्हटलं, देवदर्शन आहे की नोकरी!"

"मग नोकरी निघाली?"

"बिनपगारी! संस्थेत कामाला होत्या. वर तिकीट स्वतःचं आणि जेवणाखाणाचे पैसेही आपले आपण दिले म्हणे. रिटायर झालेली बाई, घरात दोन नातवंडं, आणि हे."

"कसली संस्था?"

माईंनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी आवाज उतरला. "त्या बायकांची. मुंबईत आणून विकलेल्या आणि मग परत गेलेल्या."

हा विषय मला अगदीच नवा नव्हता. १९९६च्या फेब्रुवारीत पोलिसांनी मुंबईच्या कुंटणखान्यांवर छापे घातले आणि शेकडो मुली सोडवल्या. त्यांत दोनशेच्या आसपास नेपाळच्या होत्या. सोडवल्या म्हणजे सुटल्या, असा आपला समज. त्या मुली पुढे कित्येक महिने इथल्या सुधारगृहांत अडकून पडल्या, कारण नेपाळ सरकार त्यांना आपल्या म्हणायला तयार होईना. कागद कुठे आहेत, हा प्रश्न. शेवटी जुलैमध्ये तिथल्या काही संस्थांनीच पुढाकार घेतला आणि १२८ जणींना परत नेलं. त्यांतल्याच काही जणींनी 'शक्ती समूह' ही स्वतःची संस्था काढली. २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे मी माईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आणि ती दुसरी बाई कोण? आपल्या सरकारने पद्मश्री दिली ती?"

"अनुराधा कोइराला. शाळेत इंग्रजी शिकवायच्या. 'माइती नेपाल' त्यांनी काढली, १९९३ साली. पद्मश्री २०१७ची."

"तुम्ही मास्तरीण, तुमच्या सनावळ्या जिभेवर. पण काकू त्यांच्याकडे नव्हत्या हो. कुठल्याशा लहान संस्थेत होत्या. नाव सांगत नाहीत. काहीच सांगत नाहीत, हेच तर दुखणं आहे!"

"सांगितलं तेवढं तरी सांगा."

"गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सोनौली. तिथे कमान आहे म्हणे, तिच्याखालून चालत गेलं की नेपाळ. व्हिसा ना आपल्याला, ना त्यांना. साडेसतराशे किलोमीटरची हद्द अशीच मोकळी. म्हणजे कुणीही कुणाच्याही पोरीला घेऊन चालू लागावं! पण पलीकडे चौकी आहे. पोलिसांची वेगळी, ही संस्थेच्या बायकांची. जाणाऱ्या-येणाऱ्यावर नजर. काकूंच्या समोर एका जोडप्याला थांबवलं. त्याला एकीकडे नेलं, तिला एकीकडे, आणि दोघांना तेच प्रश्न. पोरगी म्हणाली, नवरा आहे माझा. मग सासूचं नाव सांग! येईना."

"मग?"

"मग काय, काकूंची बस सुटत होती. बसल्या त्या बसमध्ये! मी तर पुढची बस पकडली असती."

माई खरंच थांबल्या असत्या. चौकीवर अशी नजर ठेवणाऱ्या बायकांतल्या कित्येक जणी एके काळी स्वतःच त्या वाटेने नेल्या गेलेल्या असतात, त्यामुळे कोण कुणाला कुठे नेतो आहे हे त्यांना चालीवरून कळतं. आता वाटाही बदलल्या आहेत. मुंबईपेक्षा आखाताचं नाव जास्त ऐकू येतं. घरकामासाठी आखातात जाण्यावर नेपाळ सरकारने बायकांना अनेकदा बंदी घातली, मग दलालांनी त्यांना भारतातून न्यायला सुरुवात केली. बंदीने जाणं थांबलं नाही, वाट तेवढी लांबली.

"पण वहिनी, ती मागच्या गल्लीतली पोरगी नाही का गेली होती कंबोडियाला, अनाथाश्रमात? तिने कसे फोटो टाकले! दर फोटोत एक मूल कडेवर. तिकडे नेणाऱ्या कंपनीला लाखभर रुपये भरले होते तिच्या वडिलांनी. दोन आठवड्यांचे! निदान बघायला तरी मिळालं काहीतरी. काकूंचा एक फोटो नाही."

इथे मला राहवलं नाही. कंबोडियातल्या अशा आश्रमांमधल्या चारांतल्या तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. नेपाळमध्ये २०१५च्या भूकंपानंतर युनिसेफने हाच इशारा दिला होता. तिथे तर प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर. दलाल खेड्यात जातो, शाळेचं आमिष दाखवतो आणि मूल घेऊन येतो. पाहुणे पैसे मोजून मुलांना खेळवायला येतात म्हणून मुलं लागतात. आणि दर पंधरा दिवसांनी नवी ताई लळा लावून निघून जाते. त्या पोरीचा दोष नाही, तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं. कंपनीला मात्र ठाऊक असणार.

"काकूंनी सांगितलं की तिला," माई म्हणाल्या. "हळदीकुंकवाला, सगळ्यांसमोर. म्हणाल्या, आईबाप असलेल्या पोराला अनाथ कशाला म्हणतेस? तेव्हापासून ती काकूंच्या दारावरून जात नाही."

"काकूंना बरं घेतलं मग त्या संस्थेने?"

"घेतलं कसलं! आधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. काकूंना! नवऱ्याने जन्मात मागितला नाही तो दाखला." माई हसता हसता बादलीवरून घसरणार होत्या. "आणि सही घेतली कागदावर. फोटो काढायचा नाही. एकटीने कुणाच्या खोलीत बसायचं नाही. मागचं काही म्हणजे काही विचारायचं नाही."

"मग केलं काय?"

"हिशोब!"

माईंच्या दृष्टीने हा प्रवासाचा सगळ्यात वाया गेलेला भाग. मला तोच खरा वाटला. संस्थेत शिवणखोली होती. बायका कापडी पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवायच्या, ते दुकानांना जायचे, पैसे यायचे आणि तरी कापड घ्यायला पैसा उरायचा नाही. काकू मुळात गेल्या होत्या बचत गट शिकवायला. पण त्यांच्या लक्षात आलं की बचतीचं त्या बायकांना शिकवायची गरज नाही. गावोगाव आमा समूह, म्हणजे आयांचे गट, आहेत, बायकांच्या सहकारी संस्था आहेत. उलट काकूच दोन गोष्टी वहीत टिपून घेऊन आल्या. कमी होती ती किमतीच्या हिशोबाची. एका पिशवीला कापड किती, अस्तर किती, चेन किती, शिलाई किती, हे कुणी मांडलंच नव्हतं. काकूंनी मांडलं. कळलं की दर पिशवीमागे संस्था पदरचे पैसे घालते आहे.

युरोपातून येणाऱ्या ताईंना ती खतावणी वाचताच आली नसती. काकूंना आली, कारण लिपी आपलीच. अडल्या त्या तारखांवर. कारभार विक्रम संवतावर चालतो आणि हिशोबाचं वर्ष श्रावणात, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्याला, सुरू होतं.

"मार्च एंड नाही!" माई म्हणाल्या. "काकूंना करमलं कसं? आणि सुट्टी शनिवारी. रविवारी सकाळी आवरून कामाला. दहा वाजता डाळभात, तो खाऊन दिवसभर राहायचं. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, तेवढं मात्र पक्कं, बदलत नाही. आणि शेवटचे काही आठवडे काकूंनी त्या वहीला हातच लावला नाही म्हणे. एका मुलीला शिकवलं आणि शेजारी नुसत्या बसून राहिल्या. तिने चूक केली तरी गप्प. तीच शोधू दे म्हणाल्या. आपल्या सुनेच्या बाबतीत कधी गप्प बसलेल्या ऐकल्यात?"

मजुरी मात्र रोख द्यावी लागायची. पुष्कळ जणींची बँकेत खाती नव्हती, कारण नागरिकतेचा दाखला नव्हता. तो सोळाव्या वर्षी काढतात. त्यासाठी आईबापाचे नाहीतर नवऱ्याचे कागद लागतात, गावच्या वॉर्ड कार्यालयाची शिफारस लागते. ज्या गावातून एखादीला नेलं, तिथेच जाऊन तिने सांगायचं की मी इथली. एकीबरोबर संस्थेच्या वकीलबाई गेल्या, काकूही गेल्या. खिडकीतल्या माणसाने आणखी एक कागद मागितला. काकूंनी उभा जन्म खिडकीच्या आतल्या बाजूला काढलेला. त्या माईंना एवढंच म्हणाल्या की तिथला बाक फार अरुंद होता.

"आणि एक सांगितलं," माई म्हणाल्या. आता आवाज खरंच उतरला. "पहिल्या दिवशी ओळख करून देताना काकू बोलून गेल्या, मी महाराष्ट्रातली, मुंबईच्या बाजूची. शिवणखोलीतली सगळी मशिनं थांबली. कुणी काही बोललं नाही. मग त्या जन्मभर सातारच्याच झाल्या. हिंदीसुद्धा बेताची बोलायला लागल्या. त्यातली एक जरा वयस्क होती, ती काकूंशी कधी बोलायची नाही. निघायच्या आधी एकदा चहाचा पेला पुढे केला आणि चक्क मराठीत म्हणाली, 'साखर कमी घातलीय, चालेल ना?'"

"मग?"

"मग काय मग! काकू म्हणाल्या, 'चालेल.'"

"विचारलं नाही, कुठे शिकलीस म्हणून?"

"नाही ना! किती वर्षं होती, कुठे होती, घरचं कोण आहे, काही नाही. मी खोदून खोदून विचारलं काल. तर मला म्हणतात, माई, पोहे घ्या."

मी शेंगा गोळा केल्या. माई थोडा वेळ बादलीवर तशाच उभ्या राहिल्या.

"वहिनी, मला घेतील का हो? ओव्हरलॉक मशीन येतं मला. काजेबटनं करते. आमच्या शिवणवर्गाचं सर्टिफिकेट आहे अजून."

"घेतील की. दाखला काढा पोलिसांचा."

"दाखला मिळेल. पण ते प्रश्न विचारायचे नाहीत म्हणजे, एकही नाही?"

"एकही नाही."

"अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा?"

"शेवटच्या दिवशीसुद्धा."

माई बादलीवरून उतरल्या. "मग मी इथूनच शिवून पाठवते," त्या म्हणाल्या.