लेकीला दार उघडं, सुनेला अर्ज

मिसिसॉगा, कॅनडा

तीर्थरूप मामंजी व आत्याबाई यांस,

मामंजी, तुम्ही फोनवर विचारलंत, "कॅनडाचं कायमचं कार्ड मिळालं, मग अमेरिकेत एडिसनला वन्संच्या गणपतीला जायला काय अडतंय?" अडतो तो पासपोर्ट. पीआर म्हणजे इथं राहायची, नोकरी करायची मुभा, नागरिकत्व नव्हे. अमेरिकेच्या लेखी आम्ही अजून आपल्या ढोकी गावचेच. भारताचा पासपोर्ट, म्हणून व्हिसा हवा. राष्ट्रकुल देशांतून येऊन कॅनडात स्थायिक झालेल्यांना पूर्वी यातून सूट होती, ती मार्च 2003 मध्ये गेली. आम्ही पोचलो ती जेवणं उरकल्यावर.

वन्संचं बघा. पासपोर्ट त्यांचाही भारताचाच, पण ग्रीन कार्ड अमेरिकेचं. ती दोन्ही दाखवून त्या बिनव्हिशाच्या कॅनडात येतात. लेकीला दार उघडं, सुनेला अर्ज! आत्याबाई, हा न्याय कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो, पण ते असो.

अर्जाचं नाव डीएस-160. फी माणशी 185 डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत नाही. त्यात विचारतात, तुम्ही कुठल्या टोळीचे किंवा कुळाचे आहात का? हे 'शहाण्णव कुळी' टाइप करायला निघाले होते, मी हात धरला. पुढं विचारतात, हेरगिरीचा विचार आहे का? वन्संचे मोदक फुटत कसे नाहीत एवढंच मला बघायचंय, पण तेही लिहिलं नाही.

खरी पंचाईत आईवडिलांच्या जन्मतारखांची. तुमची 1 जून, आत्याबाईंची 1 जून, माझ्या आईवडिलांचीही 1 जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अख्ख्या गावाला एकच वाढदिवस वाटला, हे मुलाखत घेणाऱ्या साहेबाला इंग्रजीत कसं सांगायचं? 'माहीत नाही' असाही चौकोन आहे; पण आईचा वाढदिवस माहीत नाही असं परक्या सरकारला सांगायला हे तयार नाहीत.

आजेसासरे ढोकीहून बार्शीला जायचे तेव्हाही राज्य बदलायचंच की. ढोकी निजामाची, बार्शी इंग्रजांची. इकडं हाली शिक्क्याचे रुपये, तिकडं कळदार, मालावर करोडगिरीची जकात. पण बार्शी लाइट रेल्वेच्या डब्यात चढताना त्यांना कुणी वडिलांची जन्मतारीख नाही विचारली.

तोवर आम्ही नायगाऱ्याच्या या काठावरून समोरची अमेरिका बघून येतो. मोठा धबधबा इकडूनच चांगला दिसतो. त्यासाठी अमेरिकेतली माणसंही रेनबो ब्रिज ओलांडून इकडं येतात, एवढंच समाधान.

मुलाखतीची तारीख मिळेतो गणपती उठलेले असतील. तेव्हा मामंजी, एक करा. विसर्जन झालं की वन्संनीच इकडं यावं, असं त्यांना तुम्ही सांगा. मी म्हटलं तर टोमणा होईल, तुम्ही म्हटलंत तर आज्ञा. येताना मोदकांचा साचा आणायला सांगायला विसरू नका.

आपली,
थोरली सून