वेचणीला वाजतं डबडं

"गुरुजी, हाव का घरात? ते गाणे वाजवायचं डबडं केवढ्याला येतंय ओ आजकाल?"

तोंडात दात घासायचा ब्रश असताना आलेल्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, हे आक्कांना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच त्या तेव्हा विचारतात. आमच्या दोन घरांमध्ये पऱ्हाट्यांची कुपाटी आहे. तिला एका जागी भगदाड पडलंय आणि ते दोघांपैकी कुणी बुजवत नाही, कारण आमच्या जिवती गावातल्या निम्म्या बातम्या तिथूनच ये-जा करतात. आक्कांचं माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं. दुष्काळाच्या मागंपुढं मराठवाड्यातून जी माणसं माणिकगडच्या पहाडावर चढली, त्यांतलंच हे घर. माणसं इथली झाली, बोली मात्र अजून तिकडचीच आहे.

मी चूळ भरून आलो. "कशाला हवंय? लेकानं मागच्या लग्नसराईत एवढी मोठी स्पीकरची ट्रॉली आणलीय की, लाइटा लावलेली."

"ती उचलायला दोन गडी लागतेत. वावरात नेऊन काय तिला पेरू?" आक्कांनी पदर खोचला. "वेचणीच्या बाया म्हणायलेत, आक्का, गाण्याचं काय तर बघा, नाही तर आम्ही वरल्या वस्तीवर जातो. तिथं म्हणे वाजतंय."

ही खरी गोष्ट होती. कापूस फुटला की पहाडावर वेचणीच्या बाईला जो भाव येतो, तो कापसाला येत नाही. चहा पाजा, न्यायला ऑटो पाठवा, आणि आता गाणं. वरच्या वस्तीवरच्या शेतकऱ्यानं हातभर दोरीला स्पीकर बांधून एका बाईच्या कमरेला दिला आणि तिथली वेचणी म्हणे दोन दिवस आधी उरकली. आक्कांच्या डोळ्यांत ते दोन दिवस सलत होते.

"बरं, पलीकडल्या घरचा जावई आलाय हैदराबादचा, त्यानं आणलंय बघा, मुठीएवढं. काय आवाज, काय आवाज! पाण्यात टाकलं तरी वाजतंय म्हणे. जेबल का काय नाव हाय."

"जेबीएल. गो मालिकेतला असेल." तो मी पाहिला होता. तिसऱ्या पिढीचा, दोनशे ग्रॅमच्या आसपास, वर 'आयपी६७' लिहिलेला. यातला सहा धुळीचा आणि सात पाण्याचा. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल, असा त्याचा अर्थ. काही स्पीकरांवर नुसतं 'आयपीएक्स७' असतं. तिथं एक्स असला की धुळीची परीक्षाच घेतलेली नाही असं समजायचं. आपल्याला वेचणीत पाण्याशी काय देणंघेणं? मुरमाची धूळ आणि कापसाचे तंतू, हेच जाळीत जाऊन बसतात. जावयाचा स्पीकर चांगला आहे यात वाद नाही. पण त्याला मेमरी कार्ड घालायची फट नाही. गाणं फोनवरून ब्लूटूथनंच जायला हवं.

"मग? फोन हाय की माझ्याकडं."

"फोन कुठं ठेवता वेचताना?"

"धुऱ्यावर, भाकरीच्या पिशवीत."

"आणि बाया?"

"त्या तासानं तासानं पुढं जातेत."

"मग दहा-पंधरा पावलांवर गाणं तुटायला लागतं. छोट्या डब्यांची धाव साधारण दहा मीटर. त्यात मध्ये माणूस वाकला तर आणखी कमी, कारण आपल्या अंगातलं पाणीच त्या लहरी पिऊन टाकतं."

आक्का विचारात पडल्या. मीही थोडा ताणूनच बोललो, पण माझं मत पक्कं आहे: कार्डाची फट नसलेला स्पीकर पहाडावर आणूच नये. ज्यांनी ते डबे बनवले त्यांच्या घरी इंटरनेट नळासारखं येत असणार. आमच्याकडं फोनला काडी दिसते ती ओट्याच्या एका कोपऱ्यात, आणि सरहद्दीकडं गेलं की तेलंगणातला टॉवर पकडून तेलुगूत स्वागत होतं. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात त्या वादातल्या १४ गावांत तर लोकांकडं दोन्ही राज्यांची रेशनकार्डं आहेत, मराठी शाळा वेगळी, तेलुगू शाळा वेगळी. गाणी मात्र सगळे गडचांदूरच्या मोबाइल दुकानातून कार्डात भरून आणतात.

"आन् ब्लूटूथचं नावच काढू नका माझ्याजवळ," आक्का एकदम कुपाटीला टेकल्या आणि आवाज खाली गेला. म्हणजे आता मुख्य बातमी. "मागल्या गल्लीतलं कळलं का तुमाला?"

मला कळलं होतं. पण नाही म्हणालो. ऐकण्यात मजा असते.

झालं असं. मागच्या गल्लीत एका घरी मुलीच्या सोयरिकीची बोलणी चाललेली. वडील फोन घेऊन परसात गेले, देण्याघेण्याचं हळू आवाजात बोलू म्हणून. इकडं शेजारच्या पोरानं नवाकोरा स्पीकर चालू केला. त्या स्पीकरशी या वडलांचा फोन आदल्या दिवशी कधीतरी जोडून ठेवलेला, भजन ऐकवायला. स्पीकर सुरू होताच त्यानं ओळखीचा फोन आपणहून धरला, आणि फोनवरचा पलीकडचा माणूस गल्लीत बोलायला लागला. "पोरीचा रंग जरा सावळा हाय, पण आमचं काही म्हणणं न्हाई, फक्त गाडीचं बघा." गल्लीत शेंगा निवडत बसलेल्या बाया निवडायच्या थांबल्या. वडील परसात "हॅलो, हॅलो" करतायत, त्यांना काहीच ऐकू येत नाही. गल्लीला सगळं ऐकू येतंय.

"मग?"

"मग काय, पोरीनं ऐकलं की. म्हणली, गाडी मागणाऱ्याला सांगा, चालत जा. मोडली सोयरीक." आक्का समाधानानं मागं सरकल्या. "बरंच झालं म्हणा. पण डबड्यानं सोयरीक मोडलेली म्या पहिल्यांदा बघितली."

यावर मी त्यांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. फोनच्या सेटिंगात त्या स्पीकरच्या नावापुढं 'कॉल' आणि 'मीडिया' असे दोन पर्याय असतात. 'कॉल' बंद करून टाकावा. गाणं स्पीकरवर जातं, बोलणं कानातच राहतं.

"वॅटाचं काय मग? माझा लेक म्हणतोय, वॅट बघून घे. जास्ती वॅट, जास्ती आवाज."

लेकाच्या ट्रॉलीवर छापलेल्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही. 'पीएमपीओ' म्हणून जे हजारात लिहितात तो क्षणभराचा उसळलेला आकडा. 'आरएमएस' असेल तोच रोजचा. आणि तो दुप्पट केला तरी आवाज फक्त तीन डेसिबलनं चढतो. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दहापट लागतात.

"म्हंजी पैसा दुप्पट, आन् आवाज तेवढाच?"

"जवळजवळ. शिवाय घरात भिंती आवाज परत फेकतात. वावरात भिंत कुठली? अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गेले."

"मग धुऱ्यावर ठेवायचंच नाही. बायाच्या मधात पाहिजे. वरल्या वस्तीवाल्यानं कमरेला बांधलं ते उगंच नाही." वीस वाक्यांत मी जे सांगणार होतो ते आक्कांनी दोनांत संपवलं.

"पण ढोल ऐकू येत नाही ओ त्या बारक्या डब्यातून," त्या म्हणाल्या. "गुड्यावरच्या पोरानं दिवाळीतली दंडारी फोनात धरलीती. मोरपिसांचे टोप घालून घुसाडी नाचायलेत, आन् डब्यातून नुसतं टिक टिक टिक."

ते तसंच होणार. ढोलाच्या खालच्या सुराला हवा ढकलायला मोठा पडदा लागतो. मुठीएवढ्या स्पीकरात तो जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा. बाजूला रबराची आंधळी चकती बसवून थोडा घुमारा काढतात, पण तो थोडाच. सरहद्दीपलीकडच्या मार्लवाईचे कनक राजू, ज्यांना गोंडांच्या घुसाडी नाचासाठी २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली, त्यांचा नाच ज्यानं समोर पाहिला असेल तो असल्या डब्यातल्या ढोलाला ढोल म्हणायचा नाही. म्हणून माझं आक्कांना एकच सांगणं: घुमारा बघू नका, गळा बघा. प्रल्हाद शिंद्यांचा शब्द न् शब्द कळतो का ते बघा. वावरात माणसाचा आवाजच लांब जातो आणि बाया शब्दांवर गातात.

"आमच्या मालकाला एक घेऊन दिलंतं बाजारातून, स्वस्तातलं, जागलीला," आक्का म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या. "त्याचं ठाऊक नाही का तुमाला?"

हे खरंच ठाऊक नव्हतं.

रानडुकरं येऊ नयेत म्हणून पहाडावर रात्री जागल असते. मचाण, बॅटरी, फटाके, आणि अलीकडं स्पीकर. कुत्र्याचं भुंकणं, वाघाची डरकाळी कार्डात भरून मिळते. पहिल्या काही रात्री डुकरं बिचकतात. मग त्यांना कळतं की हा वाघ जागचा हलत नाही, आणि ती डरकाळीच्या साथीनं तूर खातात. आक्कांच्या मालकांनी स्पीकर मचाणावर ठेवला, गाणं लावलं आणि ते झोपले. कार्ड संपलं. मध्यरात्री कधीतरी डब्यातून एक बाई ठणठणीत इंग्रजीत काहीतरी बोलली. मालक उठून बसले. इकडंतिकडं बॅटरी मारली. कुणी नाही. थोड्या वेळानं बाई पुन्हा बोलली.

"सकाळी घरी आले ते घामानं थपथप. म्हणले, नाल्याकडल्या बाजूला एक बाई हाय, इंग्रजी बोलते. ही बातमी दुपारपर्यंत पार नगराळ्याला गेली बघा! कुणी म्हणलं, साहेबाच्या काळातली मडम हाय. एकानं नारळ बी फोडलं."

"आणि?"

"नातवानं डबं उघडलं. 'बॅटरी लो', 'बॅटरी लो' म्हणून बोलायलं होतं."

ही बोलणारी बाई स्वस्तातल्या बहुतेक डब्यांत असते, आणि आवाज कमी केला तरी तिचा आवाज कमी होत नाही. दुकानातच चालू-बंद करून ऐकावं. नुसतं 'टुंग' वाजणारा मिळाला तर दहा-वीस रुपये जास्त द्यावेत.

जागलीचा विषय निघाला म्हणून आक्कांना आणखी एक बजावलं. चंद्रपूर जिल्हा आहे, इथं वाघ कार्डातला नसतो. तेंदूपानं, मोहफुलं वेचायला जाताना वनखातं घोळक्यानं जा म्हणून सांगतं. वेचणीला गाणं ठीक, चार माणसं असतात. पण जंगलाच्या कडेच्या तासाला आवाज बारीक करावा, किंवा बंदच. झुडपातली खसफस ऐकू आली पाहिजे. कानात बोंडं घालून रानात जाणाऱ्या पोरांना तर मी वर्गात उभं करून बोलतो.

"ते सोडा. बहिणीनं नांदेडला ते रेडिओसारखं घेतलंय, त्यात गाणे आतच हायेत म्हणे."

"कारवान. सारेगामाचं. २०१७ साली आलं, ५००० जुनी हिंदी गाणी भरून."

"हिंदीवर कापूस वेचतंय का कोण?" कारवान तिथंच निकालात निघालं.

मग दुकानात काय बघायचं ते ठरलं. काउंटरवर ठेवून वाजवलेला स्पीकर ऐकायचा नाही. काउंटरची फळी थरथरते आणि फुकटचा घुमारा मिळतो. हातात धरायचा, मग नातवाच्या हाती देऊन रस्त्याच्या पलीकडं उभं राहायचं. दुकानदार धडाड वाजणारं गाणं लावेल, आपण आपलं कार्ड न्यायचं. कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठं नको, बरेच स्वस्त डबे त्यापुढचं वाचत नाहीत. चार्जिंगची पिन सी टाइपची, म्हणजे फोनचाच चार्जर चालतो. तिच्यावरचं रबरी झाकण नखानं दोन-तीनदा उघडून बघायचं. ते सैल असेल तर धूळ-पाण्याचे सगळे आकडे फुकट. खोक्यावर 'बारा तास' असतं ते अर्ध्या आवाजावर. वेचणीला पूर्ण आवाज लागतो, तेव्हा दुपारच्या भाकरीपर्यंत टिकला तरी पुष्कळ. भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर'नं सुरू होणारा नंबर खोक्यावर नसेल तर बॅटरीचा भरवसा धरायचा नाही. उन्हात धुऱ्यावर पडून राहणारी वस्तू आहे.

"आन् दोरी," आक्का म्हणाल्या.

दोरी मी विसरलोच असतो. दोरी ओवायला कडी असलेलाच घ्यायचा.

"आता गाण्याचं. दोघी तांड्यावरच्या हायेत, त्यांना लेंगी पाहिजे. एक गुड्यावरची कोलाम बाई, तिला गोंडी बी चालतंय. दोघी पलीकडल्या, तेलुगूवाल्या. एक भीमगीताशिवाय दुसरं ऐकत नाही. आन् मला अभंग."

"मग पाळी लावा."

"पाळीनं कोण ऐकतंय? पहिल्या तासाला जिचं गाणं, तिचंच दिवसभर चालतंय. दोन कार्डं घेते. भाकरीच्या आधी एक, मागून एक." त्या जायला वळल्या, आणि परत भगदाडापाशी आल्या. "भरायला दुकानदार पैसे घेतोय. तुमच्याकडं कंपूटर हायच की."

म्हणजे संध्याकाळी लेंग्या, भीमगीतं, गोंडी, तेलुगू आणि अभंग असं सगळं मी शोधून भरायचं, हे ठरलं. मी मान हलवली.

"आन् गुरुजी, मालकाला किंमत सांगू नका. म्या निम्मीच सांगणार हाय."