आप्पांचा दहा जणांचा बँड

आप्पांकडे चहाला गेलात, तर कप हाती यायच्या आधी साबणाने हात धुवावे लागतात. सोवळं नव्हे, कपाटातल्या तबकड्यांना बोटं लागू नयेत म्हणून. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांना टेकला, की घरातला एकुलता एक कूलर त्या कपाटासमोर लागतो आणि काकू ओसरीत पदराने वारा घेत बसतात.

"ऐका भो!" म्हणत आप्पा 1966ची 'इंडो-जॅझ सूट' लावतात. "डबल क्विंटेट! पाच जॅझवाले, पाच आपल्या बाजूचे. सॅक्सोफोनवर जमैकाचा जो हॅरियट, व्हायोलिनवर कोलकात्याचा जॉन मेयर. आणि लंडनात तबल्यावर कोण? आपला केशव साठे!" साठ्यांचं नाव घेताना चेहरा असा, की गडी कालच इथे भरीत-भाकरी खाऊन गेलाय.

शेजारचे केळीवाले शेठ एकदा पोराच्या लग्नासाठी चौकशीला आले.

"दहा जणांचा बँड? बिदागी काय घेतात?"

"मोडला तो. फार टिकला नाही."

"उचल घेऊन पळाले असतील," शेठ म्हणाले. बँड मोडायला दुसरं कारण असतं, हे खानदेशात कुणाला पटत नाही.

आप्पांनी 'हम दोनो' लावली. देव आनंद येणार म्हणून शेठ मांडी घालून बसले. पण ही 1969ची, हॅरियट आणि मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांची. दहा मिनिटांनी शेठनी विचारलं, "गाणं कधी लागतं?"

आप्पांनी विषय बदलला. डिसिल्वांची 'कोकण डान्स' 1972मध्ये वाजवून झाली, बाहेर पडली 2006मध्ये. डिसिल्वा 1996लाच गेले होते.

"34 वर्षं? आमच्यावाली केळी चार दिवसांत पिकते भो!"

आप्पा गप्प झाले. एवढ्यात व्होल्टेज पडलं. कूलर कण्हला, तबकडी रेंगाळली आणि हॅरियटचा सॅक्सोफोन गाभण म्हशीसारखा हंबरला. शेठ ताठ बसले.

"हां! हे जमलं! हेच परत लावा."

आप्पांनी व्होल्टेजचं नाव काढलं नाही. काकू गेली दोन वर्षं स्टॅबिलायझर मागताहेत. पण तेवढ्यासाठी आयुष्यातला पहिला श्रोता कोण घालवेल?