लाकडाची सद्गती

ब्रिटिश लोकांस आपल्या सांगीतिक वारशाची कदर उरलेली नाही, अशी कुरकुर माझे वादकबंधू उठता-बसता करतात. त्यांनी एकवार मँचेस्टरच्या व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर जाऊन यावे आणि मगच तोंड उघडावे. ‘न्यू ऑर्डर’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांच्या कमाईवर पोसलेले ‘हासिएंडा’ हे नृत्यगृह तेथे 1982 साली उघडले, 1997 साली बंद पडले आणि 2002 साली जमीनदोस्त होऊन त्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. परंतु नव्या इमारतीने नाव मात्र तेच धारण केले. याहून अधिक कृतज्ञता ती कोणती? शिवाय ज्या फळ्यांवर रात्रीच्या रात्री तरुणाई नाचली, त्याच फळ्यांतून वृंदाचे पीटर हूक यांनी सहा बास गिटारी घडवून घेतल्या.

इतके उदात्त धोरण अर्ध्यावर सोडू नये, अशी सरकारदरबारी माझी नम्र अर्जी आहे. इंग्लंडातील यच्चयावत संगीतगृहे रीतसर पंचनामा करून उतरवावीत, त्यांच्या तक्तपोशीच्या गिटारी कराव्यात आणि प्रत्येक होतकरू वादकास पावती घेऊन एकेक वाटावी. त्या वाजवायच्या कोठे, असा क्षुद्र प्रश्न काही जण उपस्थित करतीलच; त्यांस भिंतीत एक खुंटी ठोकण्याची परवानगी मेहेरबानीखातर देता येईल. खुंटीवरून गिटार खाली उतरलीच, तर शेजाऱ्याने गोंगाटाची फिर्याद नगरपालिकेत गुदरावी. 1990 सालच्या पर्यावरण संरक्षण कायद्याने तशी तजवीज केलेलीच आहे.