भेदऱ्याचं स्थळ

गोंदिया जिल्ह्यातला माणूस धानाचा दाणा तळहातावर चोळून तो एचएमटी की जय श्रीराम, हे बिनदिक्कत सांगतो. त्यालाच घरामागच्या वाडीसाठी टमाटरचं बियाणं आणायला पाठवा. मुलगी पाहायला आलेल्या मुलासारखा दुकानात खाली मान घालून बसतो.

"कोणती व्हरायटी पायजे, गुरुजी?"

"लाल."

दुकानदारानं अर्का रक्षकचं पाकीट पुढं केलं. बंगळूरूच्या फलोत्पादन संस्थेचा संकरित वाण. बोकड्या, मर, करपा या तिघांनाही न जुमानणारा. कर्नाटकात म्हणे एका झाडाला १९ किलो फळं लागली! दहा झाडांचा हिशेब मनातल्या मनात केला, तर तेवढी वाटायला आपले नातेवाईक पुरणार नाहीत. पण मरचं नाव काढलं की आमच्याकडे माणूस हळवा होतो. सकाळी तरारलेलं झाड संध्याकाळी उभ्या उभ्या मान टाकतं.

घरी बायकोनं पाकीट उलटंपालटं करून विचारलं, "आंबट आहे का?" तिचं सारं चटणीवर. भेदरं, म्हणजे टमाटरच, निखाऱ्यावर ठेवलं की साल चरचरत फुटते, रस राखेत गळतो. मग लसूण, हिरवी मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर घालून पाट्यावर रगडायचं. जाड सालीचं टमाटर तिच्या मते ट्रकमधून हिंडायला जन्मलेलं. चिरंजीवांना मात्र सँडविचमध्ये न ढेपाळणारंच हवं.

मध्यम मार्ग म्हणून पुसा रूबी सुचवली. अमेरिकेची सिऊ आणि सुधारित मेरठी यांच्या संकरातून दिल्लीत निघालेली. फळ चपटं, जरासं आंबट, वर बी घरी धरता येतं. खानदान उत्तम, पण मरपुढं तब्येत नाजूक.

आईला हे सगळं थेर वाटलं. तिनं फळीवरची चिंधी सोडली. राखेत चोळून वाळवलेलं गावठी भेदऱ्याचं बी! जातीचं नाव विचारलं तर म्हणाली, "भेदरा."

पाऊस उघडल्यावर तिन्ही लावली. घरात शांतता हवी होती. जानेवारीत माकडांची टोळी आली आणि निवड समितीचं काम तिनं हाती घेतलं. अर्का रक्षक देठापर्यंत खाल्लं, रूबी अर्धी चावून फेकली. आईचं भेदरं तोंडाला लावून एका थोराड हुप्प्यानं असं काही तोंड केलं, की बाकीच्यांनी त्या वाफ्याकडे पाहिलंही नाही.

आता बी मागायला येणाऱ्या बायांना आई पहिला गुण हाच सांगते, "वांदर नाही खात, बाई."