आप्पांची चतुःसीमा

उदगीरला तहसीलच्या आसपास, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसलेला साठीपुढचा इसम दिसला, की तो आप्पा समजावा. आईबापांनी नाव काहीही ठेवलेलं असो. हा निवृत्त तलाठी. सरकारनं मध्यंतरी तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ केला. त्यावर आप्पांचं म्हणणं एवढंच, की फेरफार जुन्या नावानंच लवकर व्हायचा. असे आप्पा देगलूरला आहेत, मुखेडला आहेत, निलंग्याला तर एकाच हॉटेलात दोन बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. पण उदगीरचा आप्पा सगळ्यांत भारी, कारण लोकांच्या घरातल्या गोष्टी त्याला मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांतून काढता येतात.

नोकरीत असताना जमिनीची चौकशी, नोकरीनंतर सोयरिकीची. पोरीचा बाप यायचा, ‘आप्पा, भालकीचं स्थळ आहे, जरा बघून येता का?’ आप्पा भालकीला जायचे आणि मुलाचं घर सोडून सगळीकडे फिरायचे. किराणा दुकानात उधारी किती, थोरल्या भावाची बायको दिवाळीपासून माहेरी का, म्हातारी कोणाच्या वाट्याला आलीय, सगळं घेऊन यायचे. मुलाच्या घरचा चहा मात्र प्यायचे नाहीत. चहा प्याला की सगळं खरं वाटायला लागतं, असा त्यांचा अनुभव.

मग स्थळं मोबाइलवर आली. आधी लग्न जुळवणारी ॲपं, त्यामागून नुसती ओळख करून देणारी. आप्पांना तो स्वतःचा अपमान वाटला. परक्या पोरीशी बोलायचं आणि मधे माणूस नाही? पण महिन्याभरात पहिलं प्रकरण त्यांच्या खुर्चीपाशी आलं. चौतिशीतला शेतकरी पोरगा, मान खाली. फोनवरची मुलगी पुण्यात इंजिनिअर, दिसायला देखणी. अपेक्षांच्या रकान्यात लिहिलेलं: शेतकरी मुलगा चालेल, शेती किती याची अट नाही, सासू-सासऱ्यांची सेवा करायला आवडते.

आप्पांनी चष्मा काढला. ‘खोटी हाय.’

‘कशावरून आप्पा?’

‘लेका, तुज्या सख्ख्या मामाच्या पोरीनं तुला नको म्हणलं. आन् ही बघितल्याबिगर शेतकरी चालंल म्हणती?’

हसू येतं खरं, पण घशात अडकतं. २१ डिसेंबर २०२२ ला सोलापुरात लग्नाळू पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. मागणी, नवरी द्या. आणि २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. त्या मुलग्यांना आता मिसरूड फुटलंय आणि हातात मोबाइल आलाय. खोटं प्रोफाइल बनवणारा कुठं का बसलेला असेना, आमच्या भागाचा दुखरा भाग त्याला बरोबर ठाऊक असतो. चार दिवस नांदून दागिन्यांसकट पसार होणाऱ्या नवऱ्या मुलींच्या टोळ्यांनाही तोच ठाऊक होता. त्यांना निदान मांडवात तरी उभं राहावं लागायचं.

आप्पांची तपासणीची पद्धत सातबाऱ्याची. प्रोफाइल म्हणजे उतारा. वरचं नाव कोणीही लिहील. खरी गोष्ट ‘इतर हक्क’च्या रकान्यात असते, बोजा तिथं चढतो. खातं कधी उघडलं, मित्र कोण, जुने फोटो आहेत की सगळे एका दुपारी टाकलेत, बहिणीच्या लग्नातला एखादा घामेजलेला फोटो आहे का? फोटोत दर वेळी एकटी, दर वेळी नटलेली, म्हणजे जमीन कागदावरच आहे. मग आप्पा झेरॉक्सवाल्या पोरीला हाक मारतात. ती गूगल लेन्सवर फोटो टाकते. एकदा उदगीरची म्हणवणारी मुलगी साडीच्या जाहिरातीत निघाली, एकदा तेलुगू मालिकेत. मालिकेतली तर आप्पांनी लेन्सच्या आधीच ओळखली होती. कशी, ते कोणी विचारलं नाही.

त्यानंतर चतुःसीमा. खरेदीखताला जशी पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण लागतं, तशी माणसालाही लागते. शेजारी कोण, शाळा कोणती, मामाचं गाव कोणतं? फसवणाऱ्याकडं फोटो असतात, नोकरी असते, विमानाचं तिकीटसुद्धा असतं. शेजारी नसतात. एका मुलीनं ‘मी उदगीरचीच’ म्हणून किल्ल्याचं कौतुक सुरू केलं, १७६० साली सदाशिवरावभाऊंनी इथं निजामाला कसं हरवलं ते तारखेसकट सांगितलं. आप्पांनी तिथंच फुली मारली. उदगीरची पोरगी गप्पांत १७६० काढत नाही. ‘इचार तिला, नळाला पानी कितव्या दिवशी येतं,’ ते म्हणाले. पोरानं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, ‘रोज.’

बायकांची प्रकरणं आप्पा खुर्ची आत घेऊन ऐकतात. एक शिक्षिका ताई आल्या होत्या. लंडनचा डॉक्टर, विधुर, दोन महिने रोज ‘जेवलीस का’ विचारणारा. त्यानं पार्सल पाठवलं, दागिने आणि पौंड. ते दिल्लीच्या विमानतळावर अडकलं आणि कस्टम्सच्या बाईचा फोन आला, पासष्ट हजार भरा.

‘दिल्लीला कशाला उतरलं?’ आप्पांनी विचारलं. ‘उदगीरला हैदराबाद जवळ.’

ताईंनी हा विचारच केला नव्हता.

‘आन् पैसे कुठं भरायला सांगितले?’

एका माणसाच्या खात्यावर. आप्पा खुर्चीत मागे रेलले. ‘ताई, सरकारी पैसा चलनानं जातो. मानसाच्या खिशात जातो तो सरकारी नसतो. माजी तीस वर्षं नोकरी झाली, मला नका सांगू.’ आप्पांच्या पूर्वायुष्याविषयी उदगीरला ज्या शंका होत्या त्या त्या दिवशी फिटल्या, आणि ताईंचे पासष्ट हजार वाचले. पत्र आलं असतं तरी सापडलं असतं म्हणा: २०१९ पासून कस्टम्सच्या पत्रव्यवहारावर ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

लंडनचा डॉक्टर आता जुना झाला. नवीन मंडळी पैसे मागतच नाहीत, पैसे मिळवायला शिकवतात. दोन-तीन आठवडे प्रेम, मग ‘माझे काका ट्रेडिंग करतात’. ॲपवर आकडे वाढत जातात, आधी दोन हजार खरोखर काढूनही देतात. मोठी रक्कम काढायला गेलं की आधी कर भरा म्हणतात. आप्पांचा कायदा साधा: ज्या बाईला भेटलो नाही तिच्या काकाला पैसे द्यायचे नाहीत.

व्हिडिओ कॉलवर भेटली तरी आप्पांचं समाधान होत नाही. हल्ली तोंडही उसनं लावता येतं. म्हणून तिला मान वळवायला लावायची, तोंडापुढून हात फिरवायला लावायचा. असल्या चाळ्यांनी एक खरीखुरी मुलगी चिडून गेली, तिचा दोष नव्हता.

एकाच बाबतीत आप्पा चेष्टा करत नाहीत. रात्री कोणी अनोळखी व्हिडिओ कॉल लावते, कपडे काढते, काढायला लावते, आणि सकाळी तोच व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवायची धमकी येते. पोरगा बापाकडे जाऊ शकत नाही, आप्पांकडे येतो. तेव्हा आप्पांचा आवाज खाली येतो. ‘एक रुपया द्यायचा नाय. काय पुसायचं नाय. चल, मी हाय संगं.’ स्वतः सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० क्रमांक लावून देतात, तक्रार लिहून घेतात. पैसे आधीच गेले असतील तर जितका लवकर फोन, तितकी ते पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. अशा सोंगाला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद, हेही ते पोराला धीर यावा म्हणून सांगतात. पोराच्या घरी आजवर एक शब्द गेलेला नाही, आणि उदगीरसारख्या गावात हा चमत्कारच.

पण आप्पांची चाळणी फार बारीक. तीत खऱ्या पोरीही अडकायला लागल्या. शेवटी झेरॉक्सवाली पोरगी बोलली, ‘आप्पा, खरी पोरगी पयल्या दिवशी पत्ता सांगतच नसती. मामाचं गाव इचारणाऱ्याला मी तर ब्लॉकच करते.’ आप्पा दिवसभर गप्प होते. दुसऱ्या दिवशी नियमात दुरुस्ती झाली: लपवते ती शहाणी असू शकते, भराभरा सगळं सांगते तिची फाइल आधी घ्यायची.

तिनंच पुढे आणखी एक प्रोफाइल पाहिलं. आप्पांच्या पुतण्याचं. वय एकतीस, जे आमच्या माहितीप्रमाणे सहा वर्षांपूर्वी होऊन गेलं. तीन एकर जिरायतीला ‘प्रगतिशील बागायतदार’. मोंढ्यात बसून राहण्याला ‘स्वतःचा व्यवसाय’. फोटो दुसऱ्याच्या स्कॉर्पिओला टेकून. मजकूर आप्पांचा, हे भाषेवरूनच कळत होतं.

‘आप्पा, हे खोटं नाय का?’

‘कलम १५५,’ आप्पा म्हणाले. ‘हस्तदोष दुरुस्ती.’

आठवड्याभरात कमालनगरहून फोन आला. मुलीचे वडील, अर्धं कानडी अर्धं मराठी. तेही महसूल खात्यातूनच निवृत्त, कर्नाटकातले ग्रामलेखापाल. त्यांनी पुतण्याच्या घराच्या पूर्वेला कोण राहतं ते विचारलं, मग पश्चिमेला कोण. सोसायटीचं कर्ज किती, ते इतर हक्कांत चढलंय का, विहीर सामाईक आहे का, स्कॉर्पिओचा नंबर काय? आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले.

‘आणि मुलगा पितो काय?’

आप्पांनी झेरॉक्सवालीकडं पाहिलं. ती मशीनमधला कागद नीट करत होती.

‘उदगीरमधी नाय ओ,’ आप्पा म्हणाले.

‘बरं,’ तिकडून आवाज आला, ‘मग बिदरमध्ये कुठं बसतो, तेवढं सांगा.’