वरून काही आलेलं नाही

मॉनिटर हा सरकारी कचेरीत वाढलेला असावा. कॅबिनेटचे पंखे फिरताहेत, कीबोर्डचे दिवे लागलेत, आत चाळीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड गरम होऊन बसलंय, आणि हे साहेब काळ्या पडद्यावर दोनच शब्द लिहून देतात : 'नो सिग्नल'. म्हणजे आमच्या टेबलावर काहीही पेंडिंग नाही, वरूनच काही आलेलं नाही. एवढा शेरा मारून पाच सेकंदांत झोपूनही जातात. केबलकडे चौकशी करावी तर ती कार्डाकडे बोट दाखवते, कार्ड एसएमपीएसकडे, आणि एसएमपीएस भिंतीतल्या प्लगकडे.

घरात मात्र चौकशीआधीच निकाल लागलेला असतो. वडिलांच्या मते गेम खेळून खेळून कार्ड जळालं. मुलाच्या मते कार्ड जुनं झालं, आता निरुपाय म्हणून नवं घ्यावं लागेल. आजी म्हणते, रात्री उशिरापर्यंत जागवलं की माणसाचंसुद्धा असंच होतं. मग इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या भाच्याला बोलावणं जातं. तो खांद्यावरची सॅकही न उतरवता पडद्याकडे बघतो आणि सांगतो, ''मामा, फॉरमॅट मारायला लागेल.'' ज्या यंत्राचा बायोससुद्धा दिसत नाही, त्यावर विंडोज टाकणार काय बघून, हे विचारायचं नसतं. आपल्याकडे सोळा संस्कार झाले की सतरावा फॉरमॅट.

या साऱ्या चर्चेत कॅबिनेटच्या मागे वाकून बघायला कुणी तयार नसतं. तिथे धूळ असते, एखादं कोळ्याचं जाळं असतं, आणि केबल खोचायच्या दोन जागा असतात : वर मदरबोर्डच्या, खाली आडव्या ओळीत कार्डाच्या. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या वायरी निघतात, फडक्याने पुसल्या जातात आणि परत लावताना हाताला जे भोक आधी लागेल त्यात जातात. आधी लागतं ते वरचं. प्रोसेसरात स्वतःचं ग्राफिक्स असेल तर चित्र दिसतंही. मग कार्ड बिनकामाचं बसून राहतं आणि गेम अडखळला की शिव्या मात्र त्यालाच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाला शेवटी 'एफ' लागतो, त्यात ही सोय मुळातच नाही. तिथे थेट अंधार. असा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदारानं कौतुकानं दिलेला असतो. 'एफ'चा अर्थ विचारला तर 'फास्ट' असंही सांगून मोकळा होतो.

यंत्र बिचारं बोलत असतं, ऐकणारा नसतो. पूर्वी कॅबिनेटात एक बारकासा स्पीकर असे. कार्ड सापडलं नाही की बरेच बायोस एक लांब आणि मागोमाग दोन-तीन आखूड शिट्ट्या मारत. आता स्पीकर गेला. त्याऐवजी बऱ्याच मदरबोर्डांवर चार टिचभर दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. घोडं जिथे अडलं असेल तो दिवा लागून राहतो. व्हीजीएचा दिवा म्हणजे कार्डाकडे बघा, एवढी स्वच्छ साक्ष. पण कॅबिनेट घेताना आपण काचेचंच घेतो, आणि आत रोषणाई अशी की गणपती मंडळानं वर्गणी परत करावी. पंख्याला दिवे, रॅमला दिवे, कार्डाच्या पाठीवर दिवे, सगळे आळीपाळीनं सात रंग दाखवताहेत. त्या झगमगाटात मोहरीएवढा एक प्रामाणिक दिवा कोण शोधणार? असल्या सजावटीला पैसे मोजणाऱ्यांनी बिघाडाबद्दल तक्रार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पडद्यावर रेघा आणि जांभळे चौकोन आले तर पहिलं काम म्हणजे मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणं. त्यावर तीन जण हात जोडतात, एक जण 'व्हायरस' म्हणतो. या फोटोतून एवढंच कळतं की रेघा आहेत. त्याऐवजी संगणकातच स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर पाहिला तर रेघा त्यात उतरल्या आहेत का ते दिसतं. उतरल्या असतील तर संशय कार्डावर किंवा ड्रायव्हरवर. चित्र स्वच्छ असेल तर मॉनिटर आणि केबल बघा. रेघा बायोसमध्येही दिसत असतील तर ड्रायव्हरची निर्दोष सुटका. पण यात कुणालाच काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून ही पद्धत लोकप्रिय नाही.

कार्डाच्या खुराकाचंही तेच. स्लॉटमधून त्याला फार तर ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या एका जोडातून आणखी १५०. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलेलं असतं, ते जाहीरनाम्यातल्या आकड्यांच्या श्रद्धेनं वाचावं. डेस्कटॉप नीट चालतो, गेम सुरू झाला की पडदा काळा, आणि खापर कार्डावर.

खापर खाली ढकलायच्या कलेत थोरांनी आपल्याला केव्हाच मागे टाकलंय. २०२२च्या अखेरीस एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डांचे प्लग वितळू लागले. ६०० वॅटपर्यंत वीज नेणारा तो इवलासा जोड. कंपनीनं तपास केला आणि ग्राहकांनी तो पूर्ण खोचलेला नव्हता, हे मुख्य कारण सांगितलं. पुढच्याच वर्षी जोडाचा आराखडा बदलला : प्लग बसला की नाही हे ओळखणाऱ्या पिना आखूड झाल्या, म्हणजे अर्धवट बसलेल्या प्लगाला वीज ओढताच येऊ नये. दोष ग्राहकाच्या बोटांचा, तर पिना का छाटल्या, यावरचं टिपण फाइलीत नाही.

शेवटी वरात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात पोचते. ''ठेवून जा, संध्याकाळी सांगतो.'' तुमची पाठ वळताच पोऱ्या कार्ड काढतो, त्याच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर फिरवतो, फुंकर मारतो आणि परत बसवतो. पडदा लख्ख. बिलावर 'कार्ड रिपेअर', रक्कम चार आकडी. खोडरबरानंही जमलं नाही तर जुन्या कार्डांचं कपाट उघडतं. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनानं कार्डांवरचं मायनिंग बंद केलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातलं आपल्याला मिळू नये एवढीच गिऱ्हाइकाची इच्छा.

''मायनिंगचं नाही ना?''

''छे हो साहेब! सीएच्या ऑफिसातलं आहे. फक्त एक्सेल चालायचं.''

''वॉरंटी?''

''टेस्टिंग वॉरंटी.''

''म्हणजे?''

''इथे दुकानात चालू झालं की संपली.''